सोफीच्या डायरीवरचा खटला

आज आपण जातोय १९२८ सालच्या चीनमध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत शांघायच्या एका नावाजलेल्या मासिकात ‘मिस सोफीची डायरी’ ही दीर्घकथा छापून आली. लेखिका दिंग लिंग, वय फक्त २३. बाईच्या शरीराची वर्णनं चिनी साहित्यात आधीपासून ढिगानं होती. इथे मात्र बघणारी बाई होती.

सोफी बेजिंगमध्ये एकटी, भाड्याच्या खोलीत राहते. टीबी झालाय. सुरुवातीलाच बाहेर वारा सुटलाय आणि ही दूध तापवत बसलीये. प्यायचं असतंच असं नाही, वेळ जात नाही म्हणून पुन्हा पुन्हा तापवते. मला ही सुरुवात फार आवडते. आजारी, कंटाळलेलं शरीर आधी येतं, प्रेमबिम नंतर.

मग येतो लिंग जिशी. (हसून घ्या, चिनीत ते आडनाव आहे.) सिंगापूरचा, उंच, देखणा. सोफी त्याचे ओठ न्याहाळते आणि ते डायरीत लिहून ठेवते. त्याच्या जवळ राहता यावं म्हणून खोली बदलते, इंग्रजी शिकायचा बहाणा करते. पुढे कळतं, साहेबांची स्वप्नं म्हणजे पैसा, दिवाणखान्यात मिरवायला बायको आणि गुटगुटीत मुलगे. तिला किळस येते. तरी ते ओठ हवेच असतात! हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि दिंग लिंग त्यातलं काहीच लपवत नाहीत.

तिच्या ओळखीचं एक जोडपं आहे, युनलिन आणि यूफांग. मूल होईल या भीतीनं ते वेगळे राहायला लागतात. सोफी त्यांची टर उडवते, पण मला ती भीती हसण्यावारी नेता येत नाही. मार्गारेट सँगर १९२२ मध्येच पेकिंग विद्यापीठात संततिनियमनावर बोलून गेल्या होत्या. पण भाषण ऐकणं वेगळं आणि साधन हातात असणं वेगळं.

काही वर्षांनी शांघायचा मू शियिंग ‘क्रेव्हन ए’ या कथेत एका बाईचं शरीर चक्क नकाशासारखं वाचतो. शैली एकदम चकचकीत. पण बघणारा पुन्हा पुरुषच.

आता खटल्याकडे येऊ. दिंग लिंग पुढे कम्युनिस्ट पक्षात गेल्या, मोठ्या पदांवर पोचल्या. १९५७ मध्ये त्यांना ‘उजव्या’ ठरवण्यात आलं. मुख्य आरोप राजकीय होते, पण टीकाकारांनी तीस वर्षं जुनी सोफीसुद्धा उकरून काढली. सोफी म्हणजेच दिंग लिंग, असं सरळ समीकरण मांडलं. कथेतल्या मुलीला एका पुरुषाचे ओठ हवेसे वाटले, हा लेखिकेच्या चारित्र्याचा पुरावा! मग ईशान्येकडच्या हेइलोंगजियांगमधल्या शेतांवर रवानगी झाली, सांस्कृतिक क्रांतीत तुरुंगवासही घडला. १९७९ मध्ये त्या पुन्हा सन्मानानं परतल्या. तेव्हा त्या पंचाहत्तरीला टेकल्या होत्या.

आणि हे तिथेच संपत नाही. १९९९ मध्ये वेई ह्वे यांची ‘शांघाय बेबी’ आली. नायिका तरुण लेखिका, नपुंसक प्रियकर, विवाहित जर्मन पुरुषाशी संबंध. पुढच्याच वर्षी बंदी आली, प्रती जाळल्या गेल्या. कादंबरी म्हणून मला ती सोफीच्या जवळपासही जाणारी वाटत नाही. पण ‘हे सगळं तुमचंच ना?’ हा प्रश्न वेई ह्वे यांच्याही वाट्याला आला.

पुढच्या भागात भेटू, आयलीन चांग यांच्या शांघायमध्ये.