मुठीचा मसाला आणि सुरतेची पंगत

गेल्या संक्रांतीला सुरतेला जाऊन आलो. धाकटी बहीण तिथे असते, भावोजींची नोकरी हजिऱ्याला. तीन वर्षं ती "दादा, एकदा तरी ये" म्हणत होती आणि मी "यंदा रजा शिल्लक नाही" म्हणून टाळत होतो. शेवटी रजा काढली आणि मडगावहून कोकण रेल्वेने निघालो.

आपल्यापैकी बहुतेकांना सुरत माहीत असते ती शाळेच्या इतिहासातून. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, एवढं आपल्याला पाठ. त्यापुढे सुरत म्हणजे साड्या आणि हिरे. मीही तेवढीच शिदोरी घेऊन गेलो होतो. येताना मात्र डोक्यात मसाला घेऊन आलो. त्याचीच ही हकिकत.

सुरतेत उत्तरायण म्हणजे पतंग आणि उंधियु. १४ जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर असतं. आदल्या रात्री बहिणीच्या शेजारच्या बा हिरवा मसाला करत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पण हात भराभर चालत होते. लीलुं लसण म्हणजे पातीसकट कोवळा लसूण, ढीगभर कोथिंबीर, ओलं खोबरं, आलं-मिरचीचं वाटण, तीळ, धणे-जिऱ्याची पूड, ओवा, मीठ आणि चिमूटभर साखर. हे सगळं परातीत हाताने चोळायचं. मग बारक्या वांग्यांना आणि बटाट्यांना चिरा देऊन त्यांत ते दाबून भरायचं. उरलेला मसाला तेलाबरोबर सुरती पापडीच्या शेंगांना आणि जांभळ्या कंदाच्या फोडींना चोळायचा. मी सवयीप्रमाणे वही काढली आणि विचारलं, "बा, प्रमाण किती?" त्या हसल्या. म्हणाल्या, "भाई, ए तो हाथ जाणे." म्हणजे ते हातालाच ठाऊक!

गुजरातीत 'ऊंधुं' म्हणजे उपडं. मडकं उपडं घालून वरून विस्तव करायची ही मूळची रीत, त्यावरून उंधियु. सुरतेच्या घराघरांत आता ते पातेल्यात, गॅसवर शिजतं. पण वलसाडच्या बाजूला हिवाळ्यात हमरस्त्याच्या कडेला 'उबाडियुं' मिळतं, ते अजूनही मडक्यात, कळार नावाच्या वासाच्या पाल्यात घालून भाजलेलं असतं. हे पाहिलं आणि मला रायगड जिल्ह्यातली पोपटी आठवली. तिथेही मडकं उपडंच. आत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ आणि मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. वरून पेंढा पेटवायचा. दोन प्रांत, दोन भाषा, पण थंडीतल्या सणासुदीला मसाला चोळून आणि पाल्यात घालून भाजायची युक्ती एकच.

आता गंमत पुढेच आहे. सुरतेला जायचं म्हणून मी जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याचं जुनं प्रवासवर्णन वाचत होतो. हा गृहस्थ १६८९ साली इंग्लंडहून निघाला, दुसऱ्या वर्षी मुंबईला पोचला आणि तिथून सुरतेच्या इंग्रज वखारीत आला. त्याचं पुस्तक १६९६ साली लंडनला छापलं गेलं. वखारीतल्या जेवणावर त्याने चांगली पानं खर्ची घातली आहेत. पाद्री जेवणाचा शौकीन असावा. पुढे १६९९ साली त्याने चहावरही एक पुस्तिका लिहिली.

वखारीत सगळ्यांची पंगत एकत्र बसे. पण बसायची जागा मात्र कंपनीतल्या सेवाज्येष्ठतेनुसार! कंपनीच्या नोकरीत खालची पायरी होती 'रायटर' म्हणजे कारकुनाची. माझ्यासारख्या सरकारी कारकुनाला हे वाचून हसू आलं. तीनशे वर्षांपूर्वीही आमची जागा मेजाच्या टोकालाच होती. ताटं मात्र सगळी चांदीची. जेवणाआधी आणि नंतर चांदीची झारी आणि तस्त घेऊन हात धुवायला शिपाई हजर. रविवारी आणि सणाच्या दिवशी थाट वाढायचा. हरीण, काळवीट, मोर, ससे, तित्तिर आणि जोडीला इराणातून आलेले पिस्ते, जर्दाळू, आलुबुखार. हे सगळं कुठे, तर ज्या सुरतेत वाणी-जैन मंडळी आजारी आणि म्हाताऱ्या जनावरांसाठी पांजरपोळ चालवत होती त्या सुरतेत. त्या पांजरपोळाचं वर्णनही याच पुस्तकात आहे.

आणि याच वर्णनात एक कृती आहे. 'कबाब' म्हणून जो पदार्थ तो सांगतो तो असा: गोमांस किंवा बोकडाचं मांस बारीक तुकडे करून घ्यायचं, त्यावर मीठ आणि मिरी भुरभुरायची. तेल आणि लसूण एका भांड्यात एकत्र करून त्यात ते तुकडे बुडवायचे. मग सळईला लावताना दोन तुकड्यांच्या मध्ये आणि आतही वासाचा पाला भरायचा. आणि भाजत असताना सारखं तेच तेल-लसूण वरून सोडत राहायचं.

सुरतेला बांच्या परातीकडे बघताना हीच ओळ माझ्या डोक्यात फिरत होती. मांसाच्या जागी वांगं-बटाटा ठेवा, बाकी तेल, लसूण, हिरवा पाला, भरायचं आणि चोळायचं सगळं तसंच. एकावरून दुसरं आलं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि कबाब तर मुसलमानी स्वयंपाकघरातला जुना पदार्थ. पण त्या मातीत ही युक्ती मुरलेली होती, एवढं नक्की.

जरा या कृतीचा विचार करा. प्रत्येक पायरीला कारण आहे. मीठ आधी, कारण मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं आणि थोडा वेळ ठेवलं की तेच खारं पाणी चव घेऊन पुन्हा आत जातं. नंतर तेल, कारण लसणाचा आणि पाल्याचा वास पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, आणि तेलाच्या थरामुळे मांस कोरडं पडत नाही. पाला मध्ये, कारण बाहेर लावला तर निखाऱ्यावर जळून कडू होईल. मध्ये राहिला की त्याची वाफ दोन्ही बाजूंच्या तुकड्यांना लागते. आज दुकानात 'रोस्ट मसाला' म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यांवर एवढं कुणी समजावून सांगत नाही.

आणखी एक. या कृतीत मिरची नाही! अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकातच आपल्या किनाऱ्यावर आली होती. तरी इथे तिखटपणा मिरीचाच. आणि मिरी तर इंग्रजांच्या हाताशीच होती. कारवार आणि राजापूरच्या त्यांच्या वखारी सुरतेच्या हाताखाली चालत आणि मिरी हा त्यांचा महत्त्वाचा माल. म्हणजे सुरतेच्या मेजावरच्या त्या कबाबात आपल्या कोकण-कारवारकडची मिरी पडली असेल, तर नवल वाटायला नको.

आता आपल्या गोमंतकीयांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. ओव्हिंग्टन म्हणतो की प्रत्येकाच्या जिभेचं समाधान व्हावं म्हणून वखारीत तीन आचारी होते. एक इंग्रज, एक हिंदी आणि एक पोर्तुगीज. त्या काळात इंग्रज लोक 'पोर्तुगीज' म्हणताना फक्त लिस्बनच्या गोऱ्याला म्हणत नसत. गोवा, दमण, वसईकडचे देशी ख्रिस्तीही त्या शब्दात येत. दमण तर सुरतेपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि १५५९ पासून पोर्तुगीजांकडे. आमच्या कार्यालयातल्या जुन्या फायलींवर अजून 'गोवा, दमण आणि दीव सरकार' असा शिक्का दिसतो. १९८७ साली गोवा राज्य झालं आणि तो शिक्का कपाटात गेला. दमण आपल्याला आता दूरचं वाटतं, पण एकेकाळी ते आपल्याच ओसरीवर होतं.

तो पोर्तुगीज आचारी कोण होता? गोव्याचा, दमणचा की आणखी कुठला? सणाच्या दिवशी तित्तिराला तो काय चोळत होता? आपल्याकडे नाताळाला भाजण्यासाठी जो मसाला वाटतात, त्यात लसूण, मिरी, दालचिनी, लवंग आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं. काफ्रियालला कोथिंबीर आणि हिरवी मिरची. रेशादचा तर अर्थच 'भरलेलं'. यातलं काही त्याच्या हातात होतं का? पुस्तकात त्याबद्दल एक अक्षर नाही. पाद्रीबुवांनी कबाबाची कृती लिहिली, ताटं कुठल्या धातूची ते लिहिलं, पण तिघांपैकी एकाही आचाऱ्याचं नाव लिहिलं नाही.

सुरतेत मी कतारगाम दरवाज्याजवळचं इंग्रजांचं जुनं कबरस्तान पाहिलं. वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याची आणि त्याच्या भावाची कबर म्हणजे घुमटाची दोन मजली इमारत आहे! महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत वखार लढवली ती यानेच. मुंबई उभी करणारा जेराल्ड ऑंजियर १६७७ मध्ये सुरतेतच वारला. मोठ्या खुर्चीवरच्या माणसांना घुमट मिळाले. त्यांना रोज जेवू घालणाऱ्यांची कुठे खूणही नाही.

हे मला का लागलं, ते सांगतो.

आमच्या वाड्यावर एक ख्रिस्ती म्हातारी होती. सगळा वाडा तिला 'माय' म्हणायचा. नाताळाला तिच्याकडून नेवऱ्या आणि दोदोलचं ताट यायचं, चतुर्थीला आमच्याकडून करंज्या जायच्या. आमच्या घरात डुकराचं मांस चालत नाही हे तिला माहीत. म्हणून ती आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात, आदल्या रात्री मसाला चोळून ठेवलेली कोंबडी भाजायची आणि झाकून आणून द्यायची. आई ती पडवीतच घ्यायची, आणि आम्ही भावंडं पडवीतच संपवायचो. तसा वास मला पुन्हा कुठल्या हॉटेलात आला नाही. कॉलेजात असताना एकदा मी तिला प्रमाण विचारलं. तिने उजव्या हाताची मूठ दाखवली आणि म्हणाली, "इतलें." मी हसलो. लिहून घेतलं नाही. कला शाखेचा विद्यार्थी, इतिहास विषय घेतलेला. पण समोर बसलेला इतिहास मला दिसला नाही.

२०११ साली माय गेली. मुलं परदेशात. घराला कुलूप आहे, पडवीचा एक कोपरा खचला आहे. मसाला वाटायचा तिचा फातर अजून मागच्या दारी पडलेला दिसतो.

सुरतेच्या आचाऱ्याची कृती राहिली, नाव गेलं. मायचं नाव आम्हाला ठाऊक आहे, कृती गेली. दोन्हीकडे चूक लिहिणाऱ्याचीच. आणि लिहिणं हा तर माझा धंदा! रोज दहा टिपण्या लिहितो, आवक-जावक नोंदवतो. कुठला कागद कुठल्या तारखेला आला ते वीस वर्षांनीही सांगता येईल अशी आमची व्यवस्था. घरातल्या चुलीची मात्र एक नोंद नाही.

म्हणून सुरतेहून आलो आणि पुढच्याच रविवारी आईला शागोतीच्या मसाल्याला बसवलं. स्वयंपाकाचा छोटा काटा विकत आणला. ती मूठ भरायची आणि मी ती काट्यावर रिकामी करायला सांगायचो. आधी ती चिडली. "इतकी वर्षं जेवलास तेव्हा नाही मोजलंस!" म्हणाली. मग तिलाच गंमत वाटू लागली. तिची धण्यांची मूठ २६ ग्रॅम भरली. दुसऱ्यांदा भरली तेव्हा २४. मिरी दोन बोटांच्या चिमटीने तीन वेळा. खसखस, बडीशेप, दगडफूल, जायफळाचा तुकडा, प्रत्येकाचं वजन घेतलं. खोबरं कुठवर भाजायचं ते मात्र काट्यावर येईना. "वास आला की उतरायचं," एवढंच ती म्हणाली. तेही तसंच लिहून ठेवलं.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली तिचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. ती म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "नियम आहे."

वाचकहो, येत्या चतुर्थीला किंवा नाताळाला तुमच्या घरी कुणी मसाला वाटत बसलं असेल तर जरा शेजारी बसा. काटा नसला तरी चालेल, वही असू द्या. आणि कृतीच्या वर वाटणाऱ्या बाईचं नाव लिहायला विसरू नका.