दप्तरात न सापडणारे दुःख

१/ कर्जतजवळचे वेणगाव म्हटले की इतिहासप्रेमींना १८५७ चे नानासाहेब पेशवे आठवतात. हे त्यांचे जन्मगाव. याच वेणगावच्या वाटेवर आज मनोरुग्णांसाठी चालणारे एक केंद्र आहे. या दोन खुणांच्या मध्ये दीडशे वर्षांचा एक दुर्लक्षित इतिहास पसरला आहे. मनाच्या आजारावर मदत मागायची कोणी? हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी.

२/ उठाव मोडला आणि १८५८ मध्ये कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. त्याच वर्षी वेडसरपणाविषयी तीन कायदे झाले. त्यांतील छत्तिसाव्या क्रमांकाच्या कायद्याने पोलिसांवर एक कर्तव्य सोपवले: वाटेवर भटकणारा वा धोकादायक वाटणारा वेडा दिसला, की त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे. तिथून रवानगी 'असायलम'मध्ये.

३/ म्हणजे कायद्याची नजर रस्त्यावर होती. घराच्या कोपऱ्यात महिनोन्महिने आढ्याकडे पाहत पडलेला, अन्नावरची वासना उडालेला, कोणालाही उपद्रव न देणारा माणूस तिला दिसणार कसा? आज आपण ज्याला नैराश्य म्हणतो, तो आजार बहुधा असाच मुका असतो.

४/ असायलमांच्या वार्षिक अहवालांत रुग्णांची वर्गवारी असे: मेनिया, मेलॅन्कोलिया, डिमेन्शिया इत्यादी. मेलॅन्कोलिया हे नैराश्याचे तेव्हाचे वैद्यकीय नाव. मेनियाचे रुग्ण पुष्कळ, मेलॅन्कोलियाचे त्या मानाने थोडे. यावरून अनेक युरोपीय डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की हिंदी माणसाला नैराश्य फारसे होत नाही.

५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकावे. ज्या संस्थेत पोलीस माणसे आणतात, तिथे आरडाओरडा करणारेच अधिक पोहोचणार. अहवालाने समाज मोजला नव्हता. पोलिसांनी आणलेली माणसे मोजली होती. दप्तरात नोंद नाही, म्हणून दुःख नव्हते असे म्हणता येत नाही.

६/ आपल्या परंपरेला हे दुःख अनोळखीही नव्हते. चरकसंहितेने रोग वाढवणाऱ्या कारणांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. पराक्रमी योद्ध्याचेही हातपाय गळू शकतात, हे त्या ग्रंथाने आरंभीच मान्य केले. अर्जुनाची ती अवस्था म्हणजे आजचे वैद्यकीय निदान नव्हे. पण ती बोलून दाखवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

७/ खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ मध्येच आली होती. १९०१ मध्ये त्याच लोहमार्गावरच्या ठाण्यात मनोरुग्णालय उभे राहिले. उपचाराची जागा जवळ आली खरी, पण 'याला ठाण्याला पाठवा' ही बोलीतली थट्टाही रूढ झाली. त्या थट्टेच्या धाकाने कित्येकांनी आपले दुखणे लपवले असेल. भगताकडे जाण्यात संकोच नव्हता. डॉक्टरकडे जाण्यात होता.

८/ १९१२ च्या कायद्याने एक छोटी फट उघडली: माणूस स्वतःहून दाखल होण्याची विनंती करू शकत होता. १९२० च्या दशकात 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' ही पाटी आली. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा दवाखाना सुरू झाला. मनाचा रुग्ण सर्वसाधारण रुग्णालयाची पायरी चढू लागला, हा बदल पाटी बदलण्यापेक्षा मोठा होता.

९/ मग औषधे आली, तीही काहीशी योगायोगाने. १९५० च्या दशकारंभी अमेरिकेत क्षयरोगावर वापरलेल्या इप्रोनियाझिडने रुग्णांचा उत्साह वाढल्याचे डॉक्टरांच्या ध्यानी आले. १९५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरील गुण मांडला. 'मन घट्ट कर' या उपदेशापलीकडे वैद्यकाजवळ आता काही होते.

१०/ आता पुन्हा वेणगावच्या वाटेवर. १९८८ मध्ये मुंबईत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याला एक तरुण करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याच्यावर उपचार केले. बरा झाल्यावर कळले की तो पदवीधर आहे. त्यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभे राहिले आणि २००६ मध्ये त्याचे कर्जतचे केंद्र सुरू झाले.

११/ २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसे बरी होऊन आपापल्या घरी परतली होती. १८५८ च्या कायद्यानेही रस्त्यावरचाच माणूस उचलला होता. फरक एवढाच की तेव्हा वाट असायलमकडे जात होती, इथे ती घराकडे वळली. यांतील अनेकांचा आजार नैराश्याहून वेगळा, बहुधा स्किझोफ्रेनिया. पण वेळीच कोणी ओळखले असते तर किती जण रस्त्यावर आलेच नसते, हा प्रश्न दोन्ही आजारांना लागू आहे.

१२/ २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. मानसिक उपचार मिळणे हा आता प्रत्येकाचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. ज्या दुःखितावर पूर्वी खटला होऊ शकत होता, त्याच्या बाजूने कायदा उभा राहिला.

१३/ खालापूर तालुक्याने १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळताना पाहिली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. अशा आघातानंतरचा शोक हा आजार नव्हे. तो माणूसपणाचा भाग आहे. पण उदासी, झोप-भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे, स्वतःला निरुपयोगी मानणे हे जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि कामधाम सुटू लागले, तर तपासणी करून घ्यावी. मरणाचे विचार आले तर दोन आठवडेही थांबू नये.

१४/ नैराश्यावर समुपदेशन, औषधे किंवा दोन्ही चालतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मनाने बंद करू नयेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: क्रमांक १४४१६, विनामूल्य, अहोरात्र, मराठीतही.

१५/ १८५८ मध्ये तुमच्या मनाचा निवाडा पोलीस आणि मॅजिस्ट्रेट करीत. आज 'मला बरे वाटत नाही' एवढे तुम्ही स्वतः म्हटले तरी पुरे. तसे म्हणता येणे, हा दीडशेहून अधिक वर्षांनी हाती आलेला हक्क आहे. तो वापरा. आणि कोपऱ्यात गप्प बसलेला एखादा मित्र दिसला, तर दवाखान्यापर्यंत त्याच्या सोबत जा.