प्रवरेच्या खोऱ्यातला प्रवासी



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढे येतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते साखर कामगारांच्या वस्तीतल्या वाचनालयात, पाळी संपल्यावर. तेव्हा वंशावळी सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु कामगार संघटनेच्या कामासाठी प्रवरेचे खोरे आम्ही पुष्कळ वर्षे पायाखाली घातले आहे. म्हणून आज त्या खोऱ्याचा इतिहास सांगावा, आणि तो प्रवाशाच्या वाटेने, म्हणजे उगमापासून संगमापर्यंत सांगावा, असे ठरविले आहे.

प्रवरा ही सर्वस्वी आपल्या जिल्ह्याची नदी. अकोले तालुक्यात रतनगडाच्या डोंगरात ती उगम पावते आणि सुमारे दोनशे किलोमीटर वाहत जाऊन नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. वर कळसूबाईचा १६४६ मीटरांचा माथा, तिथे पावसाचा नुसता धुमाकूळ. खाली नेवाशाकडे यावे तर आभाळाकडे डोळे लावून बसलेली कोरडवाहू शिवारे. एकाच नदीच्या काठी असे दोन देश आहेत. वरच्या देशात पाणी पडते आणि जमीन थोडी. खालच्या देशात जमीन आहे आणि पाणी पडत नाही. या खोऱ्याचा गेल्या दीडशे वर्षांचा सगळा इतिहास या एका वाक्यातून निघालेला आहे.

या खोऱ्यात प्रवासी पूर्वीपासून आलेले आहेत. अकोल्यास अगस्ती ऋषींचा आश्रम होता, अशी लोकांची श्रद्धा. ज्ञानेश्वर नेवाशास आले आणि १२९० साली तेथे, एका खांबाला टेकून, गीतेवरची टीका सांगितली, ही परंपरा तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. तो पैसाचा खांब आजही लोक डोळे भरून पाहतात. पुढे इंग्रजी अमलात वेगळ्या जातीचे प्रवासी आले. कॅप्टन मॅकिंटॉश हा गोरा अधिकारी १८३०च्या सुमारास या डोंगरांत हिंडला आणि महादेव कोळ्यांच्या चालीरीती, कुळे, देवदेवस्की यांची बारकाईने माहिती लिहून गेला. आजही अभ्यासकांना ते लेखन उपयोगी पडते. परंतु तो आला होता कोळ्यांचे बंड मोडावयास, पोलिसांची पलटण घेऊन. ज्याला पकडावयाचे त्याची माहिती नीट असावी लागते, हा साधा हिशेब त्या विद्येमागे होता.

बंड का झाले, हे मात्र प्रवासवर्णनांत थोडेच सापडते. देवगावच्या राघोजी भांगऱ्याने १८४४-४५च्या सुमारास पुन्हा उठाव केला, तेव्हा त्याचा रोख सरकारवर होता तसाच सावकारावरही होता. डोंगरातली भातखाचरे कर्जापायी सावकाराच्या वहीत चालली होती आणि कचेरी वहीच्या बाजूने उभी होती. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजीस फाशी दिले. आज भंडारदऱ्याला सहलीसाठी जाणाऱ्या मोटारी त्याच्याच मुलुखातून जातात.

आता धरणापाशी येऊ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी दख्खन भाजून निघाली. त्यानंतर १९०१ साली नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने, नुसता वसूल देणारे कालवे न पाहता दुष्काळापासून रक्षण करणारी कामेही हाती घ्यावीत, असा विचार पुढे मांडला. प्रवरेवर ओझरला बंधारा एकोणिसाव्या शतकातच झालेला होता. परंतु उन्हाळ्यात नदीच आटली तर बंधारा काय करणार? वर पाण्याचा साठा हवा होता. १९१० साली भंडारदऱ्यास काम सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. उंची सुमारे २७० फूट, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट, बांधणी दगडाची. जलाशयाला आर्थर हिल या इंजिनिअराचे नाव मिळाले, धरणाला गव्हर्नरांचे.

सोळा वर्षे दगड घडविणाऱ्या, चुना मळणाऱ्या, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायामाणसांपैकी कोणाचे नाव तेथे आहे? आणि ज्यांची खाचरे त्या पाण्याखाली गेली त्यांचे? त्या काळी १८९४चा भूसंपादन कायदा होता. तो मोबदला देई आणि मोकळा होई. उठविलेल्या माणसाचे पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे सांगणारा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. भंडारदऱ्याचे काम चालू असतानाच पलीकडे मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. त्याचे सेनापती पांडुरंग महादेव बापट आपल्याच जिल्ह्यातल्या पारनेरचे. मुळशीला सेनापती मिळाला म्हणून मुळशीची आठवण राहिली. भंडारदऱ्याच्या बुडितातली माणसे डोंगराच्या अंगावर थोडी वर सरकली आणि कागदावरून नाहीशी झाली.

आज पावसाळ्यात हौशी मंडळी तेथे मोठ्या संख्येने जातात. पावसाच्या तोंडावर झाडांवर काजवे लखलखतात, रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आहे, रंध्याला नदी दरीत उडी घेते. हे सगळे पाहण्यासारखेच आहे. आम्हीही पाहिले आहे आणि हरखलो आहोत. परंतु धरणाखालचा तो सुप्रसिद्ध छत्रीसारखा धबधबा नीट पाहावा. तो निसर्गाचा नाही. धरणातून पाणी सोडले तर तो पडतो आणि बंद केले तर खडक कोरडा राहतो. या खोऱ्यातल्या पाण्याला दार आहे आणि दाराला मालक आहे, हे त्या एका धबधब्याने प्रवाशाला सांगितले पाहिजे.

मग हे पाणी गेले कोठे? हेतू होता दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचविण्याचा. पण ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षी ज्वारीवाल्याला कालव्याचे पाणी नको असे. आणि पाणीपट्टी तर दरसाल यावयास हवी. बारमाही पाणी घेऊन बारमाही पैसा देणारे पीक एकच, ते म्हणजे ऊस. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर असताना त्यांनी पाणी पुष्कळ गावांत थोडे थोडे वाटले जावे म्हणून ब्लॉकची पद्धत काढली होती. गटाच्या काही हिश्शात ऊस, बाकीत हलकी पिके, आणि हे पाळीपाळीने. तरी ओढ उसाकडेच राहिली. आडसाली ऊस जमिनीत सोळा-अठरा महिने उभा राहतो आणि उन्हाळाभर पाणी पितो. सासवडकडचे कसबी माळी बागाईतदार कालव्याच्या वासाने इकडे आले आणि त्यांनी माळरानाचे मळे केले. दुष्काळी माणसासाठी अडविलेले पाणी असे साखरेच्या घरी गेले.

त्यात रेल्वेची सोय होती. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झालेला. बेलापूर स्टेशनाभोवती जी वस्ती वाढली तीच आजचे श्रीरामपूर. १९२०च्या दशकात हरेगावी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि स्वतःचे उसाचे मळे केले. १९३२ साली साखर धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले, तेव्हा तर कारखानदारीस भर आला. मळ्यावर जमिनीचा धनी खंड मोजून घेई आणि पुष्कळदा त्याच मळ्यावर रोजंदारीला जाई.

याला उत्तर म्हणून जे घडले त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. धनंजयराव गाडगीळ या अर्थशास्त्रज्ञाने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी करून १९४८ साली ती प्रसिद्ध केली. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०च्या अखेरीस प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे चाक फिरले. कमी शिकलेला शेतकरी आणि पुण्याचा प्राध्यापक एका बैठकीवर बसले, ही आपल्या इतिहासातली लहान गोष्ट नव्हे. त्या कारखान्यामागून पुढे शाळा, दवाखाने, रस्ते आले. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कंपन्यांचे मळे गेले आणि १९६३ साली ते चालविण्यास शेती महामंडळ निघाले. खंडकरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींसाठी पुढे अर्धे शतक लढा दिला, तेव्हा कोठे २०१२च्या सुमारास त्या परत मिळू लागल्या.

इथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. खंडकऱ्याजवळ दाखविण्यास सातबारा होता, खंडाचा करार होता. ज्या मजुरांच्या दोन-तीन पिढ्या त्याच मळ्यावर राबल्या, त्यांच्याजवळ दाखविण्यास हजेरीपत्रकातली नोंद तेवढी होती. जमिनीचा हिशेब लागला. घामाचा लागावयाचा राहिला. कारखान्याच्या आतल्या कामगाराला १९५७ साली नेमलेल्या वेतन मंडळामुळे निदान वेतनश्रेणी मिळाली. त्यासाठी लढणारी माणसे आम्ही पाहिली, त्यांच्याकडून शिकलो. परंतु फाटकाबाहेर ऊस तोडणारा माणूस कारखान्याचा कामगार म्हणून कधी धरला गेला नाही.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून आणि आपल्याच पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. पहाटे थंडीत फडात शिरावयाचे, तोडावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, गाडी भरावयाची; रात्री चिपाडाच्या-पाचटाच्या कोपीत अंग टाकावयाचे. बाई हे सगळे करून भाकरीही थापते. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षाचा कोयता आजच बांधला जातो. सहकाराने कारखान्याचा मालक बदलला. फडातला हा व्यवहार मात्र जुन्याच वाटेने चालू राहिला.

साखरेचा हा स्वभाव जगभर एकच दिसतो. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर इंग्रजांनी आफ्रिकेतून गुलाम नेऊन उसाचे मळे पिकविले. १८३८ साली तेथली गुलामी पुरती संपली, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातून मजुरांची पहिली जहाजे ब्रिटिश गियानाला लागली. १८४५ साली त्रिनिदादला. १९१७पर्यंत सुमारे पाच लाख माणसे त्या भागात गेली. करारपत्रावर अंगठा उठवून गेली म्हणून त्यांस गिरमिटिये म्हणत. त्रिनिदादच्या कॅरोनी नदीचे खोरे त्यांनीच पिकविले. तेथली सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली. आज तेथे जाणारा प्रवासी समुद्रकिनारा आणि उत्सव पाहून परततो. गिरमिट आणि उचल एक नाहीत, हे आम्ही जाणतो. आपला तोडणी कामगार हंगाम संपला की गावी जातो, मत देतो, मोर्चा काढतो. परंतु कामाआधी कर्ज देऊन माणूस बांधून घेण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे, हे कोणी नाकारू नये.

कोणी म्हणेल, ही जुनी रड झाली. तर आजचे पाहा. वरच्या अंगाला निळवंडे धरणाच्या प्रकल्पास १९७० साली मंजुरी मिळाली आणि त्याच्या कालव्यात पाणी सुटले २०२३ साली. ५३ वर्षांत कोरडवाहू गावांच्या दोन पिढ्या वाट पाहून गेल्या. दुसरीकडे, खाली पैठणला जायकवाडी उभे आहे. २००५च्या कायद्यानंतर, तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून तिकडे पाणी सोडावे लागते, आणि तसे सोडले की आपल्याकडे सभा भरतात. 'आमच्या हक्काचे पाणी' असे आपण त्या सभांत म्हणतो. तो हक्क मांडताना भंडारदऱ्याच्या बुडितातला कोळी, ठाकर आपल्या 'आम्ही'त असतो काय, एवढा प्रश्न स्वतःस विचारावा.

या खोऱ्यात एक आणखी जातीचे प्रवासी आले, त्यांचा उल्लेख केलाच पाहिजे. हसमुख सांकळिया व शांताराम देव यांनी १९५०-५१ साली संगमनेरजवळ जोर्वे येथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला त्या लहानशा गावाचे नाव मिळाले. पुढे नेवासे खणले गेले. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ साली झाडाचे खोड खणताना भिल्ल शेतकऱ्यांना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. कोण राजा तेथे होता, कोणास ठाऊक नाही. जव, गहू, मसूर पिकविणारी, मडकी घडविणारी माणसे होती, एवढे नक्की. ते नक्की कसे कळले? तर पंडितांनी जळके दाणे, चुलीची राख आणि फुटकी खापरे टाकून न देता जपून वेचली म्हणून.

आमचे मागणे तेवढेच आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणब्याची खापरे आपण जपतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मजुराची हजेरीपत्रके रद्दीत जात आहेत. जुने कारखाने बंद पडतात, मळे वाटले जातात, कचेऱ्यांचे दप्तर वाळवीच्या तोंडी लागते. नगरला १९६० साली ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय स्थापन झाले; तलवारी आणि फर्माने तेथे नीट ठेवलेली आहेत. त्यांच्या शेजारी मळ्याचे एक हजेरीपुस्तक, पगाराची एक चिठ्ठी, मुकादमाच्या उचलीची एक वही आणि एक झिजलेला कोयता ठेवण्यास जागा निघू शकेल. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते जाळू नये, आपल्या गावच्या वाचनालयात आणून द्यावे. तोडणी करून थकलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या आठवणी शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी उतरून घ्याव्यात. हे काम विद्वानांचीच वाट पाहत बसण्याचे नाही. आमच्यासारख्या सातवीवाल्यालाही ते जमते.

आणि प्रवाशाला काय सांगावे? भंडारदऱ्याला जरूर जावे, काजवे पाहावेत. मात्र तीन प्रश्न पिशवीत टाकून न्यावेत: हे पाणी कोणाच्या शेतावरून आले, ही जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि हे काम कोणाच्या हातचे आहे? हे तिन्ही प्रश्न ज्याने रतनवाडीपासून प्रवरासंगमापर्यंत विचारले, त्याला खोरे पाहिले असे म्हणता येईल.