नियमित एकदिश विद्युत पुरवठा, जादा प्रवाहाचा

२३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून ठरावीक व्होल्टेजचा डीसी प्रवाह देणारे, आणि भार बदलला किंवा लाइनचा दाब खालीवर झाला तरी ते व्होल्टेज ढळू न देणारे उपकरण. कारागीर त्याला ‘पॉवर सप्लाय’ म्हणतात. या नोंदीत १३.८ व्होल्ट, २० अँपिअरचा लिनिअर सप्लाय गृहीत धरला आहे. चार्ज होत असलेल्या मोटारीच्या बॅटरीवर साधारण एवढाच दाब असतो, म्हणून हौशी रेडिओ संच आणि गाडीतले ॲम्प्लिफायर टेबलावर चालवायला तो सोयीचा पडतो.

महाराष्ट्रात प्रयोगशाळेचे असे सप्लाय बनवणाऱ्यांत ठाण्याची ॲपलॅब (स्थापना १९६२) हे जुने नाव. छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावर बिडकीनच्या अलीकडे चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्ही कारखाना होता. रंगीत टीव्हीच्या पोटातही नियमित डीसी सप्लायच असतो, आणि टीव्ही दुरुस्त करणारा पहिला मीटर तिथेच लावतो. गावातल्या टेबलावर सप्लाय बांधायचा तर मात्र आधी लाइनचा दाब आणि उन्हाळा यांचा हिशेब मांडावा लागतो. पुस्तकातले सर्किट सहसा २३० व्होल्ट आणि २५ अंश धरून काढलेले असते.

रचना नेहमीची: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठा कॅपॅसिटर, रेग्युलेटर. १८ व्होल्टच्या सेकंडरीतून शिखरदाब सुमारे २५.५ व्होल्ट मिळतो. ब्रिजमध्ये त्यातले २ जातात. कॅपॅसिटर दर सेकंदाला १०० वेळा भरतो आणि मधले सुमारे ८ मिलिसेकंद भार एकट्याने ओढतो. २० अँपिअरला १०,००० मायक्रोफॅरड लावला तर तेवढ्या वेळात दाब १६ व्होल्टने कोसळेल. चढउतार २ व्होल्टवर रोखायला ८०,००० लागतात. कॅपॅसिटर तुटक तुटक भरत असल्याने सेकंडरीतला प्रवाह डीसीच्या दीडपटीहून जास्त असतो. २० अँपिअरची वाइंडिंग इथे जळते. ती ३२ ते ३५ अँपिअरची घ्यावी.

आता लाइन हलवून पाहू. शेतीपंप चालू असताना दाब १९० वर आला तर रेग्युलेटरच्या वाट्याला जेमतेम ३ व्होल्ट उरतात. १७० वर १ व्होल्टच उरतो, नियमन सुटते आणि आउटपुटवर १०० हर्ट्झची घरघर उमटते. रात्री पंप थांबून दाब २५० झाला की उलटी अडचण: मधले ११ व्होल्ट रेग्युलेटरमधल्या, सगळा प्रवाह वाहून नेणाऱ्या पास ट्रान्झिस्टरांवर पडून सुमारे २१८ वॅट उष्णता तयार होते. २३० ला हीच उष्णता १७२ वॅट असते. दिवसासाठी सेकंडरी वाढवली की रात्रीची उष्णता वाढते. म्हणून सेकंडरीला टॅप काढून घेणे हा मला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो.

नियंत्रणाला ७२३ ही १९६० च्या दशकातली चिप आजही पुरते. ती १५० मिलिअँपिअरच देते. पाच २एन३०५५ ट्रान्झिस्टरांच्या बेसना १ अँपिअरपर्यंत लागू शकतो, म्हणून मध्ये ड्रायव्हर ट्रान्झिस्टर हवा. प्रत्येक एमिटरमध्ये ०.१ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टाळू नये. तो नसेल तर जरा जास्त तापलेला ट्रान्झिस्टर जास्त प्रवाह ओढतो, आणखी तापतो आणि आधी तोच जातो. २एन३०५५ वर छापील ११५ वॅट दिसतात, पण ते कवच २५ अंशांवर धरले तरच. बाहेर ४२ अंश असताना प्रत्येकावर ३५ वॅट ही समंजस मर्यादा. अभ्रकाची चकती आणि हीटसिंक पेस्ट धरून, आतला जोड १५० अंशांखाली ठेवायचा तर २३० व्होल्टलाच हीटसिंक वॅटमागे ०.२२ अंशाचा लागतो; पंख्याशिवाय तो आवाक्यात येत नाही. २५० ला पंखा असूनही सहावा ट्रान्झिस्टर आणि मोठा हीटसिंक हवा.

पास ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो आणि २३ व्होल्ट थेट महागड्या संचात शिरतात. त्यासाठी आउटपुटवर क्रोबार लावतात: दाब १५ च्या पुढे गेला की एससीआर आउटपुट शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. बाजारातल्या हौशी सर्किटांत नेमका हाच भाग गाळलेला असतो, हे अक्षम्य आहे. कॅपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर हवाच. बंद सप्लायमध्येही कॅपॅसिटर भरलेले राहतात आणि अंगठी अडकली तर बोट भाजते.

दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम. मीटरभर लांबच्या दोन तारांत २० अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो. म्हणून सेन्सच्या तारा, म्हणजे आउटपुटचा दाब रेग्युलेटरला कळवणाऱ्या तारा, टर्मिनलवरून वेगळ्या आणाव्यात आणि भाराच्या तारा ६ चौरस मिलिमीटरच्या घ्याव्यात.

आज १२ व्होल्ट, ३० अँपिअरचे एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगवर चालणारे सप्लाय, तयार मिळतात. ते हलके असतात आणि कमी तापतात. एलईडी पट्ट्या आणि मोटारींना तेच घ्यावेत. शॉर्टवेव्ह रेडिओला मात्र त्यांच्या स्विचिंगचा गोंगाट ऐकू येतो, तिथे लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय अजून टिकून आहे.