उतरतं आणि उतरलेलं

2006 साली सांगलीत विश्रामबागला माझा सहा कॉम्प्युटरांचा सायबर कॅफे होता. पहाटे दोन ते आठ डेटा मोजला जात नसे, म्हणून यूटॉरेंट या टॉरेंट उतरवायच्या सॉफ्टवेअरच्या शेड्युलरला दोनची वेळ लावून मी शटर ओढायचे. इंजिनिअरिंगच्या मुलांना उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीड्या हव्या असायच्या, पण घरच्या डायल-अपवर एवढी फाइल उतरवायची कोणी?

एका सकाळी फोल्डरमध्ये फाइल दिसली, साइज पूर्ण, सातशे एमबीच्या जवळ. मी सीडी राइट करून इस्लामपूरच्या एका मुलाला दिली. दुसऱ्या दिवशी तो एसटीनं परत आला. इन्स्टॉल मध्येच थांबलं होतं. यूटॉरेंट उघडून बघितलं तर 91 टक्के. एका गरजू मुलाचा दिवस आणि भाडं मी वाया घालवलं, याचं मला फार वाईट वाटलं. साइज पूर्ण असून फाइल अर्धवट कशी, याचा छडा लावायचा असं मी तेव्हाच ठरवलं.

पूर्वी फाइल एका टोकाकडून वाढत यायची. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टनसेननी 1977 मध्ये फोन लाइनवरून फाइल पाठवायचं एक्समोडेम लिहिलं. त्यात 128 बाइटचा एक ठोकळा पोचला की मगच पुढचा निघायचा. लाइन तुटली तर फाइल आखूड राहायची आणि ते दिसायचं. 1986 मध्ये चक फोर्सबर्ग यांचं झेडमोडेम आलं. तुटलेलं डाउनलोड ते पुढे चालू करू शकायचं, कारण आलेली लांबी म्हणजेच आलेला माल होता.

टॉरेंटमध्ये हे नातं उरलं नाही. ब्रॅम कोहेन यांनी जुलै 2001 मध्ये बिटटॉरेंट लोकांपुढे आणलं. त्यात तुकडे क्रमानं येत नाहीत. जो तुकडा सर्वांत कमी लोकांकडे आहे तो आधी मागवला जातो. त्यासाठी बरीच सॉफ्टवेअरं डिस्कवर पूर्ण लांबीची जागा आधीच धरून ठेवतात. वरून फाइल भरलेली, आत भोकं.

म्हणूनच अर्ध्या फाइलला वेगळी खोली द्यायची पद्धत मला मोलाची वाटते. 2002 च्या ईम्यूल या फाइल-शेअरिंगच्या सॉफ्टवेअरनं ती फार नीट पाळली. टेम्प फोल्डरमध्ये फाइलला नुसता नंबर, 001.पार्ट, खरं नाव शेजारच्या छोट्या फाइलमध्ये. सगळे तुकडे आले की बारसं होऊन ती इनकमिंगमध्ये जायची. त्याआधी, नव्वदच्या दशकात, डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरच्या मेलडिरमध्ये ईमेलच्या टपालासाठी हेच केलं होतं: पत्र आधी 'टेम्प'मध्ये पूर्ण लिहायचं, मगच 'न्यू'मध्ये आणायचं. अर्धं पत्र कुणाच्या हाती पडतच नाही.

मीही डी ड्राइव्हवर 'उतरतं' आणि ई ड्राइव्हवर 'उतरलेलं' असे दोन फोल्डर केले आणि पूर्ण झालेलं हलवायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. आपण हातानं हलवलं तर त्याला फाइल सापडत नाही आणि सीडिंग, म्हणजे इतरांना तुकडे पुरवणं, थांबतं. पण फोल्डर दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवले, ही माझी दुसरी चूक. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल हलवली तर डेटा जागचा हलतच नाही. तलाठ्यानं फेरफार नोंदवावा तसा फक्त पत्ता बदलतो, क्षणाचं काम. ड्राइव्ह बदलला की सगळा माल वाहून न्यावा लागतो. आधी नक्कल, मग जुनं पुसणं. सकाळी आठला गिऱ्हाईक दारात आणि डिस्क घरघरतेय. त्यातून ई ड्राइव्हची फाइल सिस्टिम फॅट32 होती. त्यात एक फाइल जास्तीत जास्त 4,29,49,67,295 बाइटची. डेबियनची भरगच्च डीव्हीडी त्यात मावेना; जागा भरपूर असूनही फाइल 'उतरतं'मध्येच अडकून पडली.

मग दोन्ही फोल्डर डी ड्राइव्हवरच आणले, तिथे एनटीएफएस होतं, त्यात ही मर्यादा नव्हती. अर्धवट फाइलच्या नावामागे .!यूटी लावायची खूण यूटॉरेंटमध्ये चालू केली. मला वाटतं, ती मुळातच चालू असायला हवी होती.

इस्लामपूरच्या मुलाला मी त्याच आठवड्यात नवी सीडी दिली. त्याआधी उबुंटूनं दिलेली एमडी5 ची, म्हणजे फाइलच्या ठशाची, 32 अक्षरं आमच्या फाइलच्या ठशाशी ताडून बघितली. तो शेजारी उभा राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होता, मी स्क्रीनवर बोट ठेवत होते. शेवटचं अक्षर जुळल्यावर मी मार्करनं सीडीवर तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'तपासली'.