चित्रफितीवरचे गाणे

माधवनगरहून मिरज अगदी जवळ. तेथील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली ते गेले. त्यांचे गाणे आपल्याला ठाऊक आहे ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून, आणि त्या तुकड्यांवरून आपण एका घराण्याच्या गायकीविषयी निःशंकपणे विधाने करीत असतो! हस्तलिखिताचे एकच पान हाती असताना संपूर्ण ग्रंथाची मीमांसा करण्यासारखेच हे आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या साधनांचा इतिहास हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे.

पुढे फीत आली, अवधी वाढला. परंतु खर्जातील हळुवार स्वरामागे फितीची खरखर राहिलीच. तिच्यावरचा एक विलक्षण तोडगा सापडला तो घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरमध्ये. आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेऊन ते आकड्यांत नोंदवायचे, तर फितीची वाहकक्षमता प्रचंड हवी. साध्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. व्हीएचएस यंत्रात ती त्याहूनही संथ चालते, पण मुद्रणशीर्ष स्वतः गरगर फिरत असल्याने फितीशी त्याचा सापेक्ष वेग सेकंदाला पावणेपाच मीटरच्या पुढे जातो. चित्रासाठी केलेली ही सोय सोनीने आवाजासाठी वापरली. १९७७ मध्ये पीसीएम-१ हा जोडयंत्राचा पहिला घरगुती नमुना बाजारात आला, आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी बॅटरीवर चालणारे, १६ बिटांचे पीसीएम-एफ१. हे यंत्र आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत मांडी. व्हिडिओ यंत्राला ते चित्रच वाटे. (व्हीएचएस हाय-फाय ही निराळी गोष्ट, ते मुद्रण अंकीय नव्हते.)

चित्राच्या प्रत्येक उपयुक्त ओळीत तीन नमुने, अशा २९४ ओळी, आणि सेकंदाला ५० क्षेत्रे: गुणाकार ४४,१०० येतो. सीडीने स्वीकारलेला आकडा हाच. संगीताची सीडी आजही दूरचित्रवाणीच्या रेघांचे माप अंगावर वागवते.

तीन तासांची फीत म्हणजे आलापापासून द्रुतापर्यंत सारी मैफल, मध्ये फीत न बदलता. आपल्याकडे मात्र व्हिडिओ आला तो सिनेमे भाड्याने आणून पाहण्यासाठी. माझ्या पाहण्यात आमच्या भागात असे जोडयंत्र कधी आले नाही. खाँसाहेबांच्या स्मृतीनिमित्त मिरजेत दरवर्षी रात्र-रात्र गाणे होत असताना हे साधन जगात उपलब्ध होते, ही चुटपुट मला लागून राहिली आहे.

अर्थात या फितींचे आयुष्यही निर्वेध नव्हे. जुनी तबकडी खरखरत का होईना गाते. अंकीय फीत थोड्या चुका सावरून घेते आणि त्या हाताबाहेर गेल्या की एकदम मुकी होते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. ते यंत्र आणि त्याचे जोडयंत्र, दोन्ही चालू स्थितीत असल्याखेरीज ही फीत वाचता येत नाही. नुसत्या टीव्हीला जोडून पाहिली, तर पडद्यावर ठिपक्यांची थरथर तेवढी दिसते, आणि ती पाहून कोणीही म्हणेल की कॅसेट खराब झाली आहे.