कामकाजाच्या दिवसातील व्यायाम

कामकाजाच्या दिवसातील व्यायाम म्हणजे दीर्घकाळ बसून किंवा एकाच जागी उभे राहून काम करणाऱ्या व्यक्तीने शरीर कार्यक्षम राहावे म्हणून कामाच्या आधी, कामाच्या दरम्यान व कामानंतर नेमाने केलेल्या शारीरिक हालचाली आणि त्यांच्याभोवती आखलेला दिनक्रम होय. कार्यालयीन कर्मचारी, वाहनचालक, शिवणकामगार, सुरक्षारक्षक, परिचारिका, संगणक व्यावसायिक अशा अनेक व्यवसायांत त्याची गरज भासते. आखाड्यातील किंवा क्रीडांगणावरील व्यायामाहून तो वेगळा मानला जातो. वेळेची टंचाई आणि शरीराचा व मनाचा थकवा ही त्याची मूळ अट असून, त्याची सगळी रचना या दोन गोष्टी गृहीत धरूनच करावी लागते.

इतिहास

व्यवसाय आणि आजार यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडणारा पहिला महत्त्वाचा ग्रंथ इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केला. बसून काम करणारे शिंपी, चांभार व लेखनिक यांच्या तक्रारी त्यांनी नोंदवल्या आणि अशा कारागिरांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असे सुचवले. आठवडाभराची बैठक एका दिवसाच्या श्रमाने भरून काढण्याची ही कल्पना आजही अनेक जण अजाणता पाळतात.

भारतात कारखानदारीच्या सुरुवातीच्या काळात व्यायामापेक्षा विश्रांतीचा प्रश्न अधिक तातडीचा होता. मुंबईतील गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली कामगारांनी केलेल्या मागण्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ यांचा समावेश होता. रविवारची सुट्टी १८९० साली मान्य झाली. पुढे गिरणगावातील चाळींच्या परिसरात तालमी व व्यायामशाळा नांदल्या, त्यामागे कामगाराच्या हाती आलेला हा थोडासा मोकळा वेळही होता.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा नियमित व्यायामपद्धती म्हणून प्रसार केला आणि संस्थानातील शाळांत तो सुरू केला. त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्येही प्रसिद्ध झाले. साधनांची गरज नाही, जागा सतरंजीएवढी लागते आणि पाठ, खांदे, मांड्या व श्वसन यांना एकाच आवर्तनात काम मिळते. या गुणांमुळे नोकरदार माणसाच्या सकाळीत सूर्यनमस्कार सहज बसतो. तो योगपरंपरेत नेमका किती जुना आहे याविषयी अभ्यासकांत वाद असला, तरी त्याच्या उपयुक्ततेशी त्या वादाचा संबंध नाही.

सामूहिक पातळीवरील सर्वांत टिकाऊ उदाहरण जपानचे आहे. तेथे १९२८ साली, सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहण सोहळ्याच्या निमित्ताने, टपाल खात्याच्या विमा विभागाच्या पुढाकाराने 'रेडिओ ताइसो' हा आकाशवाणीवरील कवायतीचा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेतील एका आयुर्विमा कंपनीने चालवलेल्या तशाच कार्यक्रमावरून ही कल्पना आली होती. विमेदार जितका जास्त जगेल तितका विमा कंपनीचा फायदा, हे यामागील सरळ गणित होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कार्यक्रम बंद पडला. १९५१ साली नव्या रचनेत तो पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी काम करणाऱ्या प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवून दुसरा, काहीसा जोरकस संच तयार करण्यात आला. प्रत्येक संच सुमारे तीन मिनिटांचा असतो. अनेक जपानी कारखान्यांत आणि बांधकामांच्या ठिकाणी पाळी सुरू होण्यापूर्वी आजही तो केला जातो. चीनमध्येही १९५१ पासून ध्वनिक्षेपकावरील कवायतीची पद्धत रूढ झाली.

लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास

बैठे काम आणि हृदयविकार यांच्यातील संबंधाचा पहिला भक्कम पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून मिळाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर, एकाच पाळीत काम करणारे चालक आणि वाहक यांची त्यांनी तुलना केली. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभरात शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयधमनीविकार चालकांपेक्षा कमी आढळला, आणि झाला तरी तो उशिरा व कमी घातक स्वरूपात होत असल्याचे दिसले. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातील बैठे कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसून आला.

मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील काय, ही शंका पुढे रास्तपणे उपस्थित झाली. मॉरिस यांच्या गटाने तिचा माग गणवेशाच्या नोंदींतून काढला. चालकांना दिलेल्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा होता, आणि हा फरक तरुण वयातही दिसत होता. म्हणजे फरकाचे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. पुढील दशकांतील असंख्य अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला दुजोरा दिला असला, तरी विजारींची ही नोंद सावधगिरीचा नमुना म्हणून साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

दिनक्रमाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. आधीच्या सूचनांत व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती, ती या वेळी काढून टाकण्यात आली. दीर्घ पाळीत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. घरापासून रेल्वे स्थानकापर्यंतची झपाझप चाल, उद्वाहनाऐवजी चढलेले तीन मजले, जेवणानंतरची पाच मिनिटांची फेरी हे सारे आता हिशेबात धरले जाते.

बैठक मोडणे हा दिनक्रमाचा गाभा आहे. माणूस बसलेला असताना मांड्या व पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ निष्क्रिय असतात, त्यामुळे रक्तातील साखर वापरली जाण्याचा वेग घटतो. दर २० मिनिटांनी दोन मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर व इन्शुलिन यांची पातळी सलग बसण्याच्या तुलनेत कमी राहते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळले. दर २० मिनिटांनी उठणे बहुतेकांना अशक्य असते. तरी पाण्याची बाटली लहान ठेवणे, दूरध्वनीवर उभे राहून बोलणे, शेजारच्या विभागात निरोप पाठवण्याऐवजी स्वतः जाणे यांतून ताशी एकदा उठणे जमू शकते. बसल्या जागी टाचा उचलणे, खांदे मागे फिरवणे, मान सावकाश वळवणे यांचाही उपयोग होतो, पण ते चालण्याला पर्याय नव्हेत. दुकाने, रुग्णालये व पहारा यांसारख्या उभ्याच्या कामात उलट गरज असते. तेथे पायांत रक्त साचून सूज येते आणि शिरा फुगतात, म्हणून जागेवर चालणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणे आणि संधी मिळताच पाय उंचावर ठेवून बसणे हितावह ठरते.

आहार व झोप यांचा विचार न करता आखलेला व्यायाम टिकत नाही. प्रौढांना रोज किमान सात तास झोप आवश्यक मानली जाते. रात्रपाळी करून आलेल्या व्यक्तीने झोप मोडून व्यायामशाळा गाठण्यापेक्षा आधी झोपणे शहाणपणाचे. दुपारनंतर चहाच्या जोडीला बिस्किटे, वडापाव किंवा फरसाण घेण्याऐवजी भाजलेले चणे, शेंगदाणे, फळ किंवा ताक घेतल्यास संध्याकाळची सुस्ती कमी होते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी जोरकस व्यायाम वैद्यकीय सल्ल्यानेच सुरू करावा.

सातत्य

व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण काही आठवड्यांत तो सोडतात. त्याचे कारण आळस असे सांगितले जात असले, तरी दहा-बारा तासांच्या कामानंतर निर्णय घेण्याची शक्तीच उरत नाही, हे अधिक खरे आहे. म्हणून उत्साहावर विसंबण्यापेक्षा निर्णयाचे प्रसंगच कमी करणे उपयुक्त ठरते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी 'अमुक घडले की मी अमुक करीन' अशा नेमक्या संकल्पाची परिणामकारकता दाखवून दिली. 'रोज व्यायाम करीन' यापेक्षा 'सकाळचा चहा झाला की बारा सूर्यनमस्कार घालीन' हा संकल्प पाळला जाण्याची शक्यता जास्त असते.

सवय २१ दिवसांत लागते, ही लोकप्रिय समजूत निराधार आहे. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ९६ सहभागींवरील अभ्यासात एखादी कृती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात विशेष बाधा येत नाही, हेही त्यात दिसले. पाळी वारंवार बदलणाऱ्या कामगारांसाठी घड्याळाच्या वेळेऐवजी एखाद्या घटनेशी जोडलेला नेम सोयीचा असतो, कारण पाळी कोणतीही असली तरी उठणे, अंघोळ आणि पहिले जेवण त्याच क्रमाने येतात.

मर्यादा आणि टीका

व्यायामाने दीर्घ कामाचे दुष्परिणाम पुसले जातात काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. २०१६ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित विश्लेषणानुसार, दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांनी रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम केल्यास बसण्याशी निगडित अकाली मृत्यूची वाढीव जोखीम जवळजवळ नाहीशी होते. परंतु एवढा वेळ ज्यांच्यापाशी नाही, त्यांनाच त्याची सर्वाधिक गरज असते. मुंबईच्या उपनगरांतून रोज दोन-तीन तासांचा रेल्वेप्रवास करणाऱ्या नोकरदाराला तो कोठून काढावा, याचे उत्तर अशा विश्लेषणात मिळत नाही.

शिवाय बसणे आणि जास्त तास काम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्यास ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करण्याशी निगडित पक्षाघात व हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा व्यक्तींत पक्षाघाताची जोखीम सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असते. ताण, अपुरी झोप, अनियमित जेवण, तंबाखू व मद्य हे त्याचे मार्ग आहेत, आणि त्यांतील सर्वच व्यायामाने बंद होत नाहीत.

यावरूनच कंपन्यांच्या आरोग्य-उपक्रमांवर टीका होते. योगवर्ग, पावले मोजण्याच्या स्पर्धा आणि प्रेरणादायी व्याख्याने यांतून आरोग्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर ढकलली जाते आणि कामाचे तास, अपुरे मनुष्यबळ किंवा सुट्टीतही येणारे संदेश यांची चर्चा टळते, असा आक्षेप घेतला जातो. सामूहिक कवायतीत सक्तीचा अंश शिरतो, हाही एक आक्षेप असून, युद्धकाळातील जपानमध्ये रेडिओ ताइसोला लष्करी शिस्तीचे रूप आले होते. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्यास ४८ व दिवसास ९ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. लोखंडे यांच्या काळातील गिरणी कामगारांनी मागितलेली दुपारची विश्रांतीही तेवढीच, अर्ध्या तासाची होती.